कोणाकडं आलाव?

घाटनांदूर मागं पडलं तसं शेजारच्या मावशींनी मांडीवरची पिशवी पायाशी सरकवली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "कोणाकडं निघालाव?"

"कोणाकडं नाही. धर्मापुरी पाहायला चाललेय."

मावशींनी एकदा माझ्या बुटांकडं पाहिलं, एकदा पांढऱ्या झालेल्या केसांकडं. "पोरगा का पोरगी?"

मला आधी कळेचना. मग एकदम उजेड पडला. आपल्याकडं माणूस परगावी जातो तो एक तर कोणाकडं तरी, नाहीतर स्थळ पाहायला. सेहेचाळीस वर्षांची बाई स्वतःसाठी थोडीच निघाली असणार! भाच्यासाठी मुलगी नाहीतर पुतणीसाठी मुलगा. मी म्हटलं, "मावशी, देऊळ पाहायचंय. केदारेश्वराचं."

"मग दर्शनाला म्हना की." एवढं बोलून मावशी खिडकीबाहेर पाहू लागल्या. स्थळाची गोष्ट असती तर धर्मापुरीपर्यंत आमच्या गप्पा रंगल्या असत्या.

या पाच दिवसांत मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. गाव कुठलं, जात कुठली, नवरा काय करतो, हे सगळं नंतर.

मी मूळची जालन्याची, नोकरीनं छत्रपती संभाजीनगरला. या शहरात राहणाऱ्या माणसाला एक बिनपगारी नोकरी आपोआप लागते, ती म्हणजे पाहुण्यांना वेरूळ दाखवायची. पुण्याची नणंद आली, चला कैलास. मुंबईचे साहेब आले, चला कैलास, येताना खुलताबाद आणि बीबी-का-मकबरा. सोळा नंबरच्या लेण्यात कुठं उभं राहिलं की फोटोत सगळा मंडप येतो हे मला झोपेतही सांगता येईल. पण कोणी विचारलं की अंबाजोगाईत काय आहे, तर तोंडातून यायचं "मेडिकल कॉलेज". तेर? "गोरोबाकाका." त्यापुढं गाडी जात नव्हती. सहा तासांच्या आतली गावं आणि मी एकही धड पाहिलेलं नाही, याची हळूहळू लाज वाटायला लागली.

पहिला प्रयत्न उन्हाळ्यात केला आणि तो फसला. परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे. गावात साडेतीनशेच्या वर देवळं होती असं तिथं कोणीही सांगतं. तेवढी आता नाहीत, पण जी उरलीत ती पाहून माणूस गप्प होतो. घरांच्या गर्दीत अचानक एक कोरीव दगडी स्तंभ उभा दिसतो, एकटाच. गोकुळेश्वराची बारव आहे, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी, आणि त्या पायऱ्यांची रांगोळी वरून पाहत बसलं की वेळेचं भान राहत नाही. माझं राहिलं नाही. एका देवळाला कुलूप होतं, किल्ली पुजाऱ्याकडं, आणि पुजारी लग्नाला गेलेला. त्याची वाट पाहण्यात तासभर गेला. साडेपाचला परत आले तर कट्ट्यावरचे आजोबा म्हणाले, "गाडी गेली की. आता मुक्कामी येईल."

मुक्कामी गाडी म्हणजे काय हे खेड्यातल्या लेकराला कळतं. रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे ती तालुक्याला निघते. म्हणजे तिच्यानं मी जिंतूरला पोचणार होते ते दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटी एका शिक्षक जोडप्यानं मोटारीतून जिंतूरपर्यंत आणून सोडलं, वाटेत प्रश्न तोच: "चारठाण्यात कोणाकडं आला होता?" त्या दिवसापासून नियम केला. नव्या गावात उतरलं की चहासुद्धा नंतर, आधी शेवटची गाडी किती वाजता ते विचारायचं. आणि एकाला नाही, तिघांना. दोघांचं उत्तर जुळलं की तेच खरं धरायचं. भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक बहुतेक वेळा ते रंगवलं त्या वर्षीचं असतं.

डिसेंबर अखेरीस पाच दिवसांची रजा जमली. गाडी घेऊन जावं असं नवरा म्हणत होता. मी एसटीच धरली. एक तर 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पण पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तेव्हापासून गाड्यांमध्ये बायकाच बायका असतात. बाजाराला निघालेल्या, माहेरी निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या. एकटीनं फिरणाऱ्या बाईला याहून मोठी सोय नाही. कोण कुठं उतरणार, कोणाचा फोन कोणाला आला, सगळ्या बसला माहीत असतं. त्रास कोण देणार?

बीड, मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाईला पोचले तेव्हा दिवे लागले होते. एका लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड ठेवलं. मालकानं ते उलटंपालटं केलं आणि माझ्या मागं कोणी आहे का ते पाहिलं. "सोबत?" म्हटलं, कोणी नाही. "फॅमिली असेल तर देतो मॅडम. एकट्या लेडीजला नाही देत, नंतर लफडी होतात." मी नोकरी सांगितली, वय सांगितलं, माझ्या चेहऱ्यावर लफड्याचं काही लक्षण दिसतंय का तेही विचारलं. नाही म्हणजे नाही. रात्री परक्या गावात हातात बॅग घेऊन रस्त्यावर उभं राहण्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही, आणि ती चीड अजून गेलेली नाही. पुरुषाला याच लॉजमध्ये कोणी "सोबत?" विचारत नसणार.

रिक्षावाल्या काकांनी परिस्थिती ओळखली. "ताई, देवीकडं चला." योगेश्वरीच्या भक्तनिवासात खोली मिळाली. तिथल्या बाबूंनी रजिस्टर पुढं केलं, "कुलदैवत का? कोकणातल्या?" अनेक कोकणस्थ घराण्यांची ही कुलदेवता, त्यामुळं रत्नागिरी-चिपळूणहून माणसं इथं येतात. मी म्हटलं, जालना. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग उशीर केलाव यायला." ते त्या दिवसाबद्दल बोलत होते की एकूणच, कोण जाणे.

सकाळी दर्शन झालं. जोगाईची कथा तिथल्या फुलवाल्या बाईंनी सांगितली, ती लहानपणी ऐकली होती पण विसरले होते. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला निघाली, वाटेत अंबाजोगाईला मुहूर्त टळला, आणि वऱ्हाड होतं तिथं दगड झालं. ते वऱ्हाड पाहायचं तर हत्तीखान्यात जायचं. गावालगत खडक खोदून केलेलं लेणं आहे. मधे मोकळं अंगण, नंदीचा मंडप, दगडी हत्ती, मागं खांबांची रांग. वेरूळला ज्या गर्दीत मी कायम घड्याळ पाहत फिरते, तिचा इथं मागमूसही नव्हता. दोन मुलं पोलीस भरतीची पुस्तकं घेऊन खांबाला टेकून बसली होती, एका हत्तीच्या सावलीत शेळी. मुलांना विचारलं तर म्हणाली, घरी आवाज असतो, इथं अभ्यास होतो. मी दीड तास बसले. परतताना एकानं विचारलंच, "मॅडम, तुम्ही कोणाच्या पाहुण्या?"

सकलेश्वराचं देऊळ तिथं बाराखांबी म्हणून ओळखतात. यादवांच्या काळातलं. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर, त्याचं हे गाव म्हणायला हरकत नाही. त्याचे शिलालेख इथं सापडलेत. त्यातल्या शके 1162, म्हणजे 1240 च्या लेखातली गोष्ट मनातून जात नाही. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिनं भावाच्या नावानं इथं देऊळ उभारलं. सेनापतींच्या लढायांचे हिशेब इतिहासात ढिगानं असतात. भावासाठी देऊळ बांधणारी बहीण नावासकट उरते, हे किती वेळा होतं?

अंबाजोगाईत पाहण्यासारखं इतकं आहे की एक दिवस कमीच पडतो. विवेकसिंधु लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर दरीच्या काठावर आहे. ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे 1188, असा सांगतात, आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून आम्ही तो शाळेत पाठ केला. त्यापलीकडं मुकुंदराजांचं आम्ही काही केलं नाही. दासोपंतांची पासोडी पाहायची फार इच्छा होती. सोळाव्या शतकातला हा माणूस, गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहूनही ज्याचं समाधान झालं नाही, त्यानं चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहून काढलं. थोरल्या देवघरापर्यंत गेले, पण पासोडी पाहण्याचा योग नव्हता. किल्ल्या-कुलपांची मला एव्हाना सवय झाली होती. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, आणि स्वामी रामानंद तीर्थ इथल्या शाळेत शिक्षक होते. ज्या माणसानं पुढं हैदराबादच्या लढ्याचं नेतृत्व केलं, तो याच गल्ल्यांमधून हजेरीपट घेऊन जात असेल, हे चालताना सारखं डोक्यात येत राहिलं.

तिसऱ्या दिवशी धर्मापुरी. मावशींनी मला थांब्यावर उतरवून देवळाचा रस्ता दाखवला, "दर्शन करून लौकर जा, दुपारनंतर गाड्या कमी." केदारेश्वराचं देऊळ चालुक्यकालीन आहे. कोपऱ्यांवर कोपरे काढत गेलेला पाया, त्यामुळं भिंत सरळ अशी नाहीच, आणि प्रत्येक वळणावर एक सुरसुंदरी. त्यांच्या अंगावरचे दागिने मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं. ऊन सरकत होतं तशी एकेक मूर्ती जागी होत होती. सकाळी अकराला जिचा चेहरा दिसत नव्हता, ती बाराला हसत होती. वेरूळला हे मला कधी कळलं नाही, कारण तिथं पाहुण्यांना दीड वाजता जेवायचं असतं.

मी वहीत काहीतरी टिपून घेत होते, तेवढ्यात धोतरातले एक आजोबा जवळ येऊन उभे राहिले. बरोबर दोन तरुण.

"कुठून आल्यात?"

"संभाजीनगरहून."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. "अतिक्रमणाचं काय निघालंय का?"

वही हा गुन्हा होता. एकटी बाई, पाठीवर सॅक, हातात वही आणि जिल्ह्याबाहेरून आलेली, म्हणजे खातं कुठलंही असो, सरकारीच. अतिक्रमण नाही म्हटल्यावर एका तरुणाच्या डोळ्यांत आशा आली. "अतिवृष्टीच्या अनुदानाचं हाय का?" तेही नाही. नुसतं पाहायला आलेय म्हटलं तर आजोबांचा विश्वास बसेना, पण त्यांनी चहा मागवला. मग स्वतःच उठून गावातला किल्ला दाखवायला निघाले. तटाच्या भिंतीत देवळांचे दगड बसवलेत. मधेच उलटी लावलेली वेलबुट्टी दिसते, मधेच एखादा तुकडा मूर्तीचा. आजोबा काठीनं दाखवत होते, "ही बघा बाई. पालथी हाय, पर हाय." आमच्या शहरात हाच दगड काचेच्या पेटीत असता आणि खाली पाटी असती. पाटी वाचली असती आणि पुढं गेले असते.

पानगावचं मी धावतं पाहिलं, आणि ते चुकलंच. विठ्ठलाचं देऊळ धर्मापुरीच्या तोडीचं आहे, पण धर्मापुरीत इतका वेळ घालवल्यावर डोळे थकले होते. एकाच दिवशी दोन कोरीव देवळं पाहू नयेत, दुसऱ्यावर अन्याय होतो. पानगावात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत आणि 6 डिसेंबरला तिथं मोठी गर्दी लोटते. मी गेले तेव्हा ती ओसरून बरेच दिवस झाले होते. चैत्यस्मारकाच्या आवारात एक बाई एकट्याच झाडत होत्या. "गर्दीत यायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या, "आता काय, मी आन तुम्ही."

रात्री लातूर. इथं लॉज मिळायला अडचण आली नाही. सकाळचा चहा किती वाजता मिळेल विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "उद्या काही नाही मिळायचं मॅडम. येळवस हाय."

मी जालन्याची. आमच्याकडं येळवस नाही. मार्गशीर्षातली अमावस्या असते हे ऐकून माहीत होतं, पण कॅलेंडरमध्ये अमावस्या पाहून कोण बेत आखतं? लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्या म्हणजे दिवाळीच्या वरचा सण, हे मला त्या सकाळी लातूरच्या रस्त्यावर कळलं. नऊ वाजता शहरात शुकशुकाट. दुकानं बंद, हॉटेलं बंद, शाळा-कचेऱ्या बंद. जी वाहनं दिसत होती ती सगळी शहराबाहेर निघालेली. दुचाकीवर नवरा-बायको, मधे लेकरू, बायकोच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं भांडं. अख्खं शहर शेतावर जेवायला चाललं होतं. खरोश्याची लेणी पाहायची ठरवली होती. जांभ्या दगडात कोरलेली, सहाव्या शतकातली. तिकडची गाडी कधी लागेल ते चौकशीच्या खिडकीतल्या साहेबांनाही सांगता येईना. मग निदान तेर तरी, म्हणून बार्शीकडं जाणारी बस पकडली. मुरूडमार्गे ढोकीला उतरले. तिथून तेरला एरवी काळी-पिवळी मिळतात. त्या दिवशी एकही नव्हती. तेरणा साखर कारखान्याच्या या गावात, हंगामाच्या दिवसांत, मला उसाची ट्रॉलीसुद्धा दिसली नाही.

तासभर उभी होते. मग एक छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, आला. मागं पाच-सहा बायका, चार लेकरं, कळश्या, पाट्या, कडब्याची पेंढी. गाडी थांबली. आतल्या सर्वांत वयस्कर बाईंनी विचारलं, "कुठं जायचं?"

"तेरला."

"तेरला कोणाकडं?"

चार दिवसांत मी या प्रश्नाची बरीच उत्तरं करून पाहिली होती. दर्शनाला, फिरायला, कामाला. आता कंटाळून खरं सांगितलं, "कोणाकडं नाही ओ आक्का. म्युझियम पाहायचं होतं."

"आज समद्याला कुलूप हाय. कलेक्टरनं सुट्टी दिलीया. बसा वर."

"तेरपर्यंत सोडता?"

"आधी शेतात चला. येळवशीला रस्त्यावरचं माणूस उपाशी ठिवत नसत्यात."

क्षणभर विचार केला. मग गाडीतल्या बायका मोजल्या आणि चढले.

शेत रस्त्यालगतच होतं. ज्वारी कणसात आलेली, तूर पिवळी पडत चाललेली, हरभरा गुडघ्याखाली. झाडाजवळ कडब्याच्या पेंढ्यांची खोप केलेली, तिला शालीसारखं कापड गुंडाळलेलं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडलेले. पाच पांडव म्हणायचे. पूजा झाली. मग आक्कांचा मुलगा हातात आंबिलीचं बिंदगं घेऊन पिकाभोवती शिंपडत फिरला, "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं काहीसं म्हणत, आणि लेकरं मागून ओरडत. याचा अर्थ काय, विचारलं. आक्का म्हणाल्या, "म्हनायचं असतं." शेजारच्या शेतातूनही तेच ऐकू येत होतं, त्याच्या पलीकडूनही.

जेवायला बसवलं ते वाढणं थांबेचना. भज्जी हा प्रकार मी पहिल्यांदा खाल्ला. आंबट चुका, मेथी, हरभऱ्याचा पाला, तुरीचे आणि वालाचे ओले दाणे, शेंगदाणे, शेतात त्या वेळी जे जे हिरवं असेल ते सगळं बेसनात घट्ट शिजवलेलं. बरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, भाकरी, आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, लसूण घातलेली, मडक्यात गार झालेली. पहिला घोट घेतला तेव्हा वाटलं, झेपणार नाही. मग चार वाट्या झाल्या. जेवण चालू असताना रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला आक्का हाक मारत होत्या. दोन मोटारसायकलवाले थांबले, एक पोस्टमन थांबले. ज्यांना शेत नाही तेही या दिवशी कोणाच्या तरी शेतावर असतात, असं सुनेनं सांगितलं. माझ्या बोलावण्यात विशेष काही नव्हतं म्हणायचं. खरं सांगते, जरा हिरमुसलेच.

संध्याकाळी लेकरांनी पेटता टेंभा घेऊन पिकाभोवती फेरी मारली. मग सगळी वरात तेरला, आक्कांच्या घरी. माळवदाचं जुनं घर, आत उबदार. "आता गाडी कुठली धाराशिवला? सकाळी जा." ज्या बाईला एका शहरात आधार कार्ड दाखवून खोली मिळाली नव्हती, तिला इथं कोणी आडनावही विचारलं नव्हतं. अंगावर वाकळ घेऊन झोपले.

पहाटे आक्काच गोरोबाकाकांच्या समाधीला घेऊन गेल्या. तेरणेच्या काठी, काळेश्वराच्या देवळालगत. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते सांगणारे गोरोबा. त्यांनी नामदेवांना कच्चं ठरवलं, ते चिडले, आणि मग विसोबा खेचरांकडं औंढ्याला गेले. ही गोष्ट आक्का अशा सांगत होत्या की जणू शेजारच्या गल्लीत परवा घडली. काका समाधिस्थ झाले ते शके 1239, म्हणजे 1317 साली. चैत्रात मोठी यात्रा भरते. "तवा या," म्हणाल्या, "आता काय हाय बघायला."

बघायला बरंच होतं. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे. मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. मुळात हा बौद्ध चैत्य असावा असं अभ्यासक म्हणतात. आणि हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये त्याचं नाव येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जातं, असं त्यात आहे. पैठण माझ्या घरापासून तासाभरावर. बैलगाडीला दहा दिवस, मला एसटीनं फिरत फिरत चार. ढोकीच्या फाट्यावर उभा राहिलेला वेळ धरला तर फार सुधारणा झालीय असं नाही.

दहा वाजता संग्रहालय उघडलं. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी गावात, शेतात, नदीकाठी सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि त्यातून हे शासकीय संग्रहालय उभं राहिलं. सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी, नाणी. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट, जिच्यासमोर मी सर्वांत जास्त वेळ उभी होते, कारण दगड टिकतो हे ठीक, लाकूड कसं टिकलं? तेरला हस्तिदंती बाईची एक मूर्ती मिळाली, आणि तिच्यासारखीच दुसरी थेट इटलीत, पाँपेईच्या राखेखाली. आमच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशीच एक निघालेली. भोकरदनला मी लहानपणापासून शंभरदा गेलेय, आत्याकडं. भोकरदनमध्ये असं काही निघालंय हे मला तेरला येऊन कळलं.

संग्रहालयात मी आणि आक्कांचा नातू, दोघंच. तो पाचवीत आहे. प्रत्येक पेटीपुढं तो मला सांगत होता, "हे आमच्या शेतात पण सापडतं." पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर पाऊस पडून गेला की मणी वर येतात म्हणे. मी म्हटलं, मग देतोस का इथं आणून? तो म्हणाला, "आजी म्हणते, ज्याचं हाय त्याला राहू द्यावं."

निघताना आक्कांनी उरलेली भज्जी स्टीलच्या डब्यात भरून दिली. नको नको म्हणत घेतली. संभाजीनगरला पोचेपर्यंत ती आणखी आंबली होती आणि आणखी छान लागली. नवऱ्यानं अर्धी संपवली.

याला तीन महिने झाले. डबा अजून ओट्याच्या वरच्या फळीवर आहे. झाकणावर खिळ्यानं ठोकून नाव घातलंय, आक्कांच्या नवऱ्याचं. आक्कांचा दोनदा फोन आला, डब्याचं काही बोलल्या नाहीत, "यात्रेला येऊलालाव का" एवढंच विचारलं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. त्यात काय घालून न्यावं ते ठरत नाही. जालन्याची म्हणून मोसंबी न्यावीत म्हटलं, तर डब्यात दोनच मावतात.